ग्रीन गेटपासून किती लांब?

पी. डिमेलो रोडवर आमची टॅक्सी एका ट्रेलरच्या मागे अडकली होती. त्या ट्रेलरपुढे दुसरा, दुसऱ्यापुढे तिसरा. डाव्या हाताला गोदीची लांबच लांब भिंत आणि भिंतीपलीकडे कुठेतरी आमची बोट. चेक-इन बंद व्हायला पन्नास मिनिटं उरली होती. मागच्या सीटवर आत्या मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. ती काही बोलत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

चूक सर्वस्वी माझी. आदल्या रात्रीचं हॉटेल मी मोबाइलवर 'क्रूझ टर्मिनल' असं शोधून ठरवलं होतं. नकाशातला ठिपका निघाला भाऊच्या धक्क्याजवळच्या देशांतर्गत टर्मिनलचा. बोट सुटणार होती बॅलार्ड पिअरवरून, म्हणजे ग्रीन गेटकडून. दोन्हींत अंतर चारेक किलोमीटरचं. नाशिकमध्ये चार किलोमीटर म्हणजे भाजी आणायला जाण्याइतकं. गोदीच्या भिंतीलगत, दुपारी, मालाच्या गाड्यांच्या रांगेत ते चार किलोमीटर म्हणजे अर्धा जन्म.

बोट मिळाली. शेवटच्या दहा मिनिटांत मिळाली. डेकवर जाऊन टेकल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "आमच्या वेळी आपल्या माणसांना धक्का एकच होता."

त्यानंतर मी मुंबईला मुद्दाम पुन्हा गेले, एकटी. चाकांची बॅग कपड्यांनी भरून घेतली आणि वेगवेगळ्या वस्त्यांतून ग्रीन गेटपर्यंत ती ओढत नेली. कुठे चालत, कुठे काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. कारण 'टर्मिनलजवळचं हॉटेल' यातला 'जवळ' हा शब्द नीट तपासल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

दारांचे रंग

मुंबई बंदराच्या दारांना रंगांची नावं आहेत. ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट, पर्पल गेट. गोदीत काम करणाऱ्या माणसाला पत्ता सांगायला एवढं पुरतं. यलो गेटच्या नावाचं पोलीस ठाणं आहे, ऑरेंज गेटपाशी ईस्टर्न फ्रीवे उतरतो. क्रूझच्या प्रवाशाला यांतले दोनच रंग लक्षात ठेवायचे असतात. दक्षिणेकडचं ग्रीन गेट म्हणजे बॅलार्ड पिअर, आणि उत्तरेला भाऊच्या धक्क्याकडचं पर्पल गेट. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली ती पर्पल गेटकडून. २०२१च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' निघाली ती ग्रीन गेटकडून. दोन्ही बोटी मुंबईच्याच, दोन्ही गोव्याला निघालेल्या, पण दारं वेगळी. मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो भाऊच्या धक्क्यावरून सुटते आणि मांडवा-एलिफंटाच्या लाँचेस गेटवेवरून. म्हणजे 'मुंबईहून बोटीने जायचंय' या वाक्याला निदान तीन पत्ते आहेत.

बॅलार्ड पिअरवरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजं, हा त्याच्या क्षमतेचा आराखडा. इमारत मोठी आहे, पण ती गोदीच्या हद्दीत. तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत पाऊल नाही. पोहोचवायला आलेल्यांनी निरोप बाहेरच घ्यायचा. म्हणून हॉटेलचं अंतर मोजायचं ते जहाजापर्यंत नाही, टर्मिनलच्या इमारतीपर्यंतही नाही, तर दारापर्यंत. तिकिटावर दाराचं नाव काय आहे हे वाचल्याशिवाय हॉटेल शोधूच नये. मी ते वाचलं होतं. पण हॉटेलचे पैसे भरून झाल्यावर.

बोटीकडे तोंड करून

एके काळी या शहरातली हॉटेलं बोटीची वाट बघत उभी असत. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल हे त्यांतलं आद्य. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने इथे आणला होता. म्हणजे पाहुण्यांच्या आधी हॉटेलच बोटीने आलं. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ तिथेच झाला. आज ती इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने, अगदी जर्जर अवस्थेत, उभी आहे.

मग १६ डिसेंबर १९०३ला जमशेटजी टाटांचं ताज उघडलं. ताज उलटं बांधलं गेलं, आराखडा वाचताना पुढची बाजू मागे गेली, अशी एक दंतकथा मुंबईत प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते. तसं काही झालेलं नाही. गाड्या-घोड्यांचं प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं आणि खोल्यांचं तोंड बंदराकडे, हे ठरवून केलेलं होतं. गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झाला १९२४मध्ये. त्याआधी वीसेक वर्षं बोटीच्या कठड्याला टेकलेल्या माणसाला मुंबईची खूण म्हणून दिसत असे ते हॉटेलच.

बॅलार्ड इस्टेट त्यानंतरचं. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या भरावाने समुद्र बुजवून बावीस एकर जमीन तयार झाली. १९१४ ते १९१८ या काळात वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली तिच्यावर एकसारख्या उंचीच्या दगडी इमारतींची वस्ती उभी राहिली. नाव मिळालं पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं. धक्क्यावर बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्टेशन होतं. विलायतेहून टपालबोट लागली की साहेब जहाजाची शिडी उतरून थेट आगगाडीत चढायचा आणि दिल्ली-पेशावरकडे निघून जायचा. मुंबईत रात्र काढायची त्याला गरजच नसे. क्रूझच्या प्रवाशासाठी याहून चांगली सोय आजवर कुणी केलेली नाही. ते स्टेशन आता नाही.

आपल्या माणसांची तऱ्हा निराळी. कामाकाजाला, कोर्टकचेरीला मुंबईत आलेला मराठी माणूस उतरायचा तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. लोकमान्य टिळक मुंबईत तिथेच राहत आणि १ ऑगस्ट १९२०ला त्यांचं निधनही तिथेच झालं. गिरगावात माधवाश्रम होतं. आणि कोकणचा चाकरमानी? त्याने कधी बोटीजवळचं हॉटेल शोधलंच नाही. लालबाग-परळच्या खोलीतून ट्रंक आणि वळकटी घेऊन तो भाऊच्या धक्क्यावर यायचा आणि गर्दी असली तर ट्रंकेवरच बसून डुलक्या काढायचा. आत्या लहानपणी देवगडला अशीच जायची. बोट बाहेर उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं, मग किनारा. अर्धे प्रवासी तोवर बोट लागून आडवे झालेले असायचे.

पाच वस्त्या

आता बॅग ओढत केलेल्या फेऱ्यांचा हिशेब.

सर्वांत जवळची वस्ती बॅलार्ड इस्टेटच. ग्रँड हॉटेलसारखी एखाद-दोन जुनी नावं, रुंद फुटपाथ, सावली देणारी झाडं, आणि दार चालत गाठण्याच्या टप्प्यात. पण ही कचेऱ्यांची वस्ती आहे. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी इथे चिटपाखरू नसतं. १९२३पासूनचं ब्रिटानिया इथेच आहे, पण ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण. रात्री नऊ वाजता बेरी पुलाव खाऊ म्हणून निघालात तर बंद दार बघून परत याल. लवकर जेवून झोपणाऱ्यांसाठी ही वस्ती उत्तम. मुलं बरोबर असतील तर रात्रीच्या भुकेची सोय आधीच करून ठेवावी.

दुसरी वस्ती फोर्ट आणि सीएसएमटीचा परिसर. मध्यमवर्गीय खिशाला झेपणारी हॉटेलं सर्वाधिक इथे. समोर पंचम पुरीवाला, आरामचा वडापाव, आत गल्ल्यांत थाळीची दुकानं. जीपीओच्या घुमटाला वळसा घालून वालचंद हिराचंद मार्गाने खाली उतरलं की पंधरा-वीस मिनिटांत बॅलार्ड पिअर. या रस्त्याला हे नाव शोभून दिसतं. सोलापूरच्या वालचंदांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघाली आणि तो दिवस आपण राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतो. मात्र इथली बरीच हॉटेलं जुन्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आहेत. लिफ्ट असतेच असं नाही, आणि असली तरी तिच्यात एक माणूस मावतो किंवा एक बॅग. लाकडी जिन्याच्या एकोणतीस पायऱ्या मी बॅग घेऊन चढले. आत्या बरोबर नव्हती हे बरंच झालं.

सीएसएमटीची एक खूण सांगून ठेवते. लांब पल्ल्याची गाडी पूर्वेकडच्या प्लॅटफॉर्मवर लागली तर स्टेशनच्या दर्शनी बाजूला यायचं नाही. अठरा नंबरच्या बाजूने थेट पी. डिमेलो रोडवर बाहेर पडता येतं, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या अंगाने. तिथून ग्रीन गेट अधिक सरळ पडतं. दर्शनी बाजूच्या गर्दीतून, भुयारी मार्गाच्या पायऱ्या चढ-उतार करत बॅग नेण्यापेक्षा हे शंभर पटीने सोपं.

तिसरी वस्ती कुलाबा-अपोलो बंदर. ताजपासून सी पॅलेसपर्यंत आणि तिथून मागच्या गल्ल्यांतल्या गेस्ट हाउसपर्यंत सर्व थरांच्या खोल्या इथे मिळतात. रात्री उशिरापर्यंत जाग, खायची चंगळ. ग्रीन गेट दोनेक किलोमीटरवर. पण सणासुदीला, ३१ डिसेंबरला, ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आगेमागे गेटवेकडचे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नाही.

चौथी मरीन ड्राइव्ह आणि चर्चगेट. समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीसाठी इथे वेगळे पैसे मोजावे लागतात आणि सूर्यास्त बघितल्यावर ते वाया गेले असं वाटत नाही. फक्त एक भ्रम काढून टाकावा. तो समुद्र पश्चिमेचा आहे. तुमची बोट पूर्वेच्या समुद्रात, शहराच्या पाठीमागे उभी असते. गॅलरीत उभं राहून मुलांना "ती बघ आपली बोट" म्हणाल तर ते भलत्याच कुणाचं तरी जहाज असेल. टॅक्सीला इथून फार वेळ लागत नाही, मात्र आझाद मैदानावर मोर्चा असेल तर मधला सगळा भाग गोठून जातो. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते. त्या सकाळी दक्षिण मुंबईत गाडी चालवणं विसरावं.

पाचवी वस्ती माझगाव, मशीद बंदर, भाऊच्या धक्क्याचा परिसर. स्वस्त लॉज, घाऊक बाजार, हातगाड्या, ट्रेलर. बोट पर्पल गेटची असेल किंवा रो-रोने मांडव्याला जायचं असेल तर इथे राहण्यात अर्थ आहे. ग्रीन गेटसाठी अर्थ नाही. हे मी पैसे देऊन शिकलेलं आहे.

सहावी वस्तीही असते, नातेवाइकांची. डोंबिवलीची वहिनी, बोरिवलीचा भाचा. "हॉटेल कशाला? आमच्याकडे उतरा" हा आग्रह मोडवत नाही. अवश्य उतरा, पण परतताना. जायच्या दिवशी रविवार असेल, रविवारी मेगाब्लॉक असेल, आणि वहिनी पोळ्या लाटून दिल्याशिवाय घराबाहेर पडू देणार नाही. बोट लोकलसारखी नसते. दर चार मिनिटांनी दुसरी येत नाही.

झोपायला की आंघोळीला?

या फेऱ्यांतून एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडच्या बहुतेक प्रवाशांना बोटीआधी हॉटेल हवं असतं ते झोपायला नाही, आंघोळीला.

कोल्हापूरहून महालक्ष्मी, सोलापूरहून सिद्धेश्वर, नागपूरहून विदर्भ, रत्नागिरीकडून कोकणकन्या. या सगळ्या रातोरात येणाऱ्या गाड्या, सकाळीच मुंबईत सोडतात. बोटीत चढायला सुरुवात होते दुपारी. म्हणजे झोप गाडीत झालेली असते, हातात पाच-सहा तास असतात आणि अंगावर रात्रभराचा प्रवास. अशा वेळी आख्ख्या रात्रीची महागडी खोली घेण्यात हशील नाही. सीएसएमटीवर रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत, स्लीपिंग पॉड आहेत, सामान ठेवायला क्लोक रूम आहे. आणि फोर्टातल्या लॉजला फोन करून एकच प्रश्न विचारावा, "हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा?" चोवीस तासांचा असेल तर सकाळी सातला आत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोलीचा धनी. बाराचा असेल तर सकाळी सातला गेल्यावर एक तर स्वागतकक्षातल्या सोफ्यावर दुपारपर्यंत बसावं लागतं किंवा जादा पैसे मोजावे लागतात.

सकाळच्या गाडीने येणाऱ्यांचं गणित उलटं. नाशिकची पंचवटी कागदावर अकराच्या आत सीएसएमटीला पोहोचते, पुण्याची डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास. वेळेवर आली तर सगळं जमतं. घाटात तासभर रखडली की पोटात गोळा येतो. सकाळच्या गाडीचे प्रवासी असाल तर आदल्या रात्रीच या आणि झोपायला हॉटेल घ्या. रात्रीच्या गाडीचे असाल तर आंघोळीला घ्या. अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

विमानाने येणाऱ्यांना पूर्वी अंधेरीत राहायचा मोह व्हायचा. तिथून बॅलार्ड पिअर पंचवीस किलोमीटर, आणि मुंबईत पंचवीस किलोमीटर म्हणजे पाऊण तास की दोन तास हे वरचाच जाणे. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो-३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि टी-२ टर्मिनलपासून सीएसएमटीपर्यंतचा प्रवास निदान घड्याळाच्या कह्यात आला. बॅगा जड असतील तर शेवटच्या दीड किलोमीटरला टॅक्सी करावी. रिक्षा शोधू नका, या भागात ती येत नाही. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाला नाक मुरडतो. हॉटेलच्या माणसाला बरोबर घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की मुरडलेलं नाक सरळ होतं.

पैशांचंही एक गणित आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यापुढे १८ टक्के. दिवाळी ते नाताळ या दिवसांत दक्षिण मुंबईतले दर याच रेषेच्या आसपास खालीवर होतात. सात हजार चारशेची खोली कराच्या जोरावर सात हजार सातशेच्या खोलीपेक्षा तेराशे रुपयांनी स्वस्त पडते.

परतीची सकाळ

जायच्या दिवसाची एवढी काळजी करणारे आपण परतीचा दिवस मात्र विसरतो. बोट सकाळी लागते. न्याहारी होताच खोल्या रिकाम्या करायला सांगतात, आणि नऊ-दहाच्या सुमारास तुम्ही बॅगांसह ग्रीन गेटच्या बाहेर उभे असता. जमीन अजून पायाखाली डोलत असते. नाशिकची पंचवटी संध्याकाळी सहानंतर, कोल्हापूरची महालक्ष्मी त्याही नंतर, सोलापूरची सिद्धेश्वर रात्री उशिरा. आख्खा दिवस उभा, आणि हातात धुवायच्या कपड्यांनी फुगलेल्या बॅगा.

खरं हॉटेल या दिवशी लागतं. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, दोन्ही दिवसांसाठी एकच जागा निवडा आणि फोनवरच ठरवा, की जाताना एक बॅग तिथे ठेवता येईल का, परत आल्यावर अर्ध्या दिवसाची खोली मिळेल का, लिफ्ट आहे का, आणि ग्रीन गेट म्हणजे काय हे तुमच्या माणसाला माहीत आहे का. शेवटच्या प्रश्नाला समोरचा क्षणभर थांबला तर दुसरं हॉटेल बघावं.

एवढं सगळं टिपून मी घरी आले आणि आत्याला वाचून दाखवलं. पाच वस्त्या, दोन दारं, चोवीस तासांचा हिशेब. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या हॉटेलच्या खिडकीचं लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. त्या चुकीच्या हॉटेलात, त्या रात्री, मला मध्येच जाग आली तेव्हा आत्या खिडकीशी उभी होती. खाली भाऊच्या धक्क्यावर मासेमारीच्या बोटी लागत होत्या. दिवे हलत होते, बर्फ फोडल्याचा आवाज येत होता, टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका लगबगीने जात होत्या आणि माशांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला होता. मी खिडकी लावायला उठले तर तिने हाताने थांबवलं होतं. कितीतरी वर्षांनी ती त्या धक्क्यापाशी झोपायला आली होती, आणि या वेळी ट्रंकेवर नाही, गादीवर.

"त्याला चुकीचं हॉटेल म्हणू नकोस," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तेच घे. फक्त टॅक्सी दोन तास आधी सांग."